आडनाव नेमके कोणते धरावे, आणि नावाच्या अर्थावर कितपत विसंबावे?

सूचीकार (धागाकर्ता)

नमस्कार. एका चरित्रकोशाच्या शेवटी जोडायची व्यक्तिनामसूची तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. कोशात निरनिराळ्या देशांतल्या आणि काळांतल्या व्यक्ती असल्यामुळे 'आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव' हा सूचीचा नेहमीचा नियम पहिल्या काही पानांतच कोलमडला. माओ त्से-तुंग यांचे आडनाव मुळातच पुढे आहे, तेव्हा ते उलटवले की नोंद चुकते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना 'ग'खाली ठेवावे की 'म'खाली, यावर आमच्या संपादकांचे एकमत होत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस राहिलेले ऊ थांट यांच्या नावातला 'ऊ' हे नाव नसून वडीलधाऱ्या पुरुषासाठी वापरायचे आदरार्थी संबोधन आहे; त्यांना 'ऊ'खाली घालणे म्हणजे एखाद्या श्रीयुतांची नोंद 'श'खाली करण्यासारखे होईल.

त्यात आणखी एक भर पडली आहे. प्रत्येक नोंदीत नावाचा अर्थ आणि उगम सांगणारी एक ओळ असावी, असे ठरले आहे. त्यासाठी सहकाऱ्यांनी बाळांच्या नावांच्या पुस्तकांतून जमवलेली टिपणे वाचली, तर जगातली निम्मी नावे 'शूर' आणि उरलेली 'तेजस्वी' निघतात! एखाद्या शब्दाचा कोशातला अर्थ आणि तो शब्द नाव म्हणून ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ एकच असतो का, अशी शंका मला येऊ लागली आहे.

तेव्हा प्रश्न दोन. आडनाव हे सर्व समाजांत असतेच असे नसेल, तर ते कुठे, केव्हा आणि कोणाच्या गरजेतून आले? आणि नावाचा अर्थ देताना कोणती काळजी घ्यावी? मराठी आडनावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून चर्चा त्यांच्यापलीकडे ठेवावी, ही विनंती.

बखरनवीस

आपल्या पहिल्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही समजूत आधी सोडली पाहिजे. बापाकडून किंवा आईकडून पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरते ते आडनाव, एवढीच कसोटी ठेवली, तर बराच गोंधळ आपोआप मिटतो. या कसोटीवर चीनची आडनावे फार जुनी ठरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीपर्यंत ती सामान्य माणसांतही रूढ झालेली होती. बाकीच्या बहुतेक जगात मात्र आडनाव ही उशिरा आलेली गोष्ट आहे आणि ती माणसांना हवी होती म्हणून आली, असे फारसे दिसत नाही. ती हवी होती करवसुली करणाऱ्याला, सैन्यभरती करणाऱ्याला आणि न्यायालयातल्या लेखनिकाला.

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे एका जॉनला लोहार, दुसऱ्याला टेकडीवरचा आणि तिसऱ्याला रॉबर्टचा म्हटले की काम भागते, आणि मुलगा बापाचा धंदा सोडून सुतार झाला तर त्याचे उपनाम बदलले म्हणून कोणाचे अडत नाही. अडते ते गावाबाहेरून आलेल्या माणसाचे. त्याला यादी करायची असते आणि पुढच्या वर्षी तीच माणसे त्याच यादीत सापडायला हवी असतात. इंग्लंडमध्ये १०६६च्या नॉर्मन विजयानंतर वंशपरंपरागत आडनावे आधी जमीनदारांत दिसू लागली आणि पुढच्या तीन-चार शतकांत ती खालपर्यंत झिरपली. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षांतल्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी आकारलेल्या कराच्या, याद्या आडनावांच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात, त्याचे कारण हेच. पुढे १४१३च्या एका कायद्याने दाव्याच्या कागदांत प्रतिवादीच्या नावासोबत त्याचा दर्जा किंवा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे सक्तीचे केले.

नंतरच्या काळात सरकारांनी थेट फर्मानेच काढली. हाब्सबुर्ग साम्राज्याने १७८७ साली आपल्या ज्यू प्रजेला कायमची आडनावे घ्यायला लावली. नेपोलियनने १८०८ साली तेच केले आणि १८११ साली नेदरलँड्समधल्या सगळ्यांनाच आडनाव नोंदवण्यास भाग पाडले. सर्वांत विलक्षण प्रकार मात्र फिलिपाइन्समध्ये घडला. तिथला स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याची तक्रार अशी होती की, एकाच घरातल्या माणसांची आडनावे वेगवेगळी असतात आणि काहीही नाते नसलेल्या हजारो लोकांनी संतांची तीच ती नावे आडनावे म्हणून घेतलेली आहेत. त्याने १८४९ साली आडनावांची एक भलीमोठी वर्णानुक्रमी यादी छापवून घेतली. तिची पाने प्रांतोप्रांती वाटली गेली, प्रांतांनी ती गावांना वाटली, आणि कुटुंबांनी आपल्या वाट्याला आलेल्या पानांवरून आडनाव निवडले. म्हणून काही गावांत बहुतेक जुन्या घराण्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. आपल्या कोशात एखाद्या फिलिपिनो व्यक्तीचे आडनाव स्पॅनिश दिसले, तर त्यावरून तिचे पूर्वज स्पॅनिश होते, असे कृपया लिहू नये.

आपल्या कामाशी थेट संबंध असलेले दुसरे उदाहरण तुर्कस्तानचे आहे. तिथे २१ जून १९३४ रोजी आडनावाचा कायदा मंजूर झाला. त्याआधी माणूस बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने किंवा पाशा, बे, आगा अशा बिरुदाने ओळखला जाई. नव्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावले आणि ते हुद्द्याचे, टोळीचे किंवा परकीय वंशाचे नसावे, अशी अटही घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेने मुस्तफा केमाल यांना 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले आणि ते दुसऱ्या कोणी घेऊ नये, असा निर्बंध केला. त्यांचे सहकारी इस्मत पाशा यांना इनोनू हे आडनाव मिळाले. १९२१ साली त्यांनी ज्या ठिकाणी लढाया जिंकल्या, त्या जागेचे ते नाव. सूचीत 'अतातुर्क' ही नोंद 'अ'खाली येईल हे खरे, पण १९३४पूर्वीच्या कोणत्याही कागदावर हे नाव सापडणार नाही, म्हणून 'मुस्तफा केमाल : पाहा अतातुर्क' अशी पूरक नोंद हवीच.

जपानविषयी थोडक्यात. सामान्य लोकांना आडनाव वापरण्याची मुभा १८७० साली मिळाली आणि १८७५ साली ते सक्तीचे झाले. पुष्कळ शेतकरी कुटुंबांत त्याआधीही आडनावे होती, पण ती सरकारदरबारी चालत नसत. त्यामुळे 'सगळ्या जपान्यांनी १८७५ साली घाईघाईत आडनावे रचली' ही वारंवार वाचायला मिळणारी गोष्ट अर्धीच खरी आहे.

निरुक्त

बखरनवीस यांनी आडनावांचा इतिहास चांगला मांडला आहे. मी अर्थाच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते आपली शंका रास्त आहे आणि त्या सदराचे शीर्षकच बदलायला हवे. शब्दाचा अर्थ आणि नावाचे प्रयोजन या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि कोशाच्या वाचकाला बहुतेक वेळा दुसरीच हवी असते.

जुन्या जर्मानिक नावांपासून सुरुवात करू. ही नावे दोन घटक जोडून होत. वूस्टरचे बिशप संत वुल्फस्टन यांच्या नावाची फोड केली, तर 'लांडगा' आणि 'दगड' हे दोन शब्द हाती येतात. बाळांच्या नावांचे पुस्तक यावरून 'लांडग्यासारखा कणखर' असे काहीतरी छापून मोकळे होईल. प्रत्यक्षात त्यांच्या वडिलांचे नाव एथेलस्टन होते आणि आईचे वुल्फगिफू. आईच्या नावाचा पहिला घटक आणि वडिलांच्या नावाचा दुसरा घटक घेऊन मुलाचे नाव केले गेले. या नावाचा अर्थ आहे 'या दोघांचा मुलगा'; लांडगा आणि दगड तिथे केवळ घराण्याची खूण म्हणून आले आहेत. फ्रेडरिक या नावात 'शांतता' आणि 'सत्ताधीश' असे घटक आहेत म्हणून त्या नावाचे राजे शांतताप्रिय होते, असे कोणी म्हणत नाही. हाच विवेक इतर नावांबाबतही ठेवावा.

नाव एकदा वंशपरंपरेने उतरू लागले की, त्याचा शब्दार्थ व्यक्तीपासून तुटतो. रोमन वक्ता सिसेरो याच्या नावाचे मूळ हरभऱ्याच्या लॅटिन शब्दात आहे. प्लुटार्कने नोंदवलेल्या हकिकतीनुसार त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या टोकाला हरभऱ्यासारखी खाच होती. राजकारणात उतरताना हे नाव टाकून दे, असे मित्रांनी सुचवले तेव्हा सिसेरोने नकार दिला आणि मोठमोठ्या घराण्यांच्या नावांपेक्षा हे नाव मी गाजवून दाखवीन, असे सांगितले. खाच खरी असो वा नंतर रचलेली, सिसेरोच्या स्वतःच्या नाकाविषयी त्याचे नाव काहीच सांगत नाही.

एकाच नावाचे दोन भाग वेगवेगळ्या तऱ्हेने खरे कसे असतात, हे पाहायचे असेल तर आपल्या कोशात असणारच असे कोफी अन्नान घ्या. घानातल्या अकान समाजात मुलाला जन्मवारावरून नाव मिळते: शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. म्हणजे 'कोफी' हे त्यांच्याविषयीचे खरे विधान आहे. 'अन्नान' या शब्दाचा अर्थ चौथे अपत्य असा आहे. परंतु त्यांच्या वडिलांचेही आडनाव अन्नानच होते, त्यामुळे चौथा होता तो घराण्यातला आधीचा कोणीतरी. कोशात 'अर्थ : शुक्रवारी जन्मलेले चौथे अपत्य' असे लिहिले, तर अर्धी ओळ बरोबर आणि अर्धी चूक होईल.

काही नावे तर मुद्दाम उलटा अर्थ घेऊन येतात. मंगोलियात आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या बाळाला नेर्ग्वी म्हणजे 'नाव नसलेला', एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', किंवा ख्युनबिश म्हणजे 'माणूस नव्हे' अशी नावे ठेवण्याची रीत आहे. बाळाला न्यायला आलेल्या दुष्ट शक्तीची दिशाभूल व्हावी, हा हेतू. अशा नावाचा नुसता शब्दार्थ छापला, तर ते नाव तिरस्कारातून ठेवले होते असा वाचकाचा समज होईल. त्यामागे आईबापांची धास्ती आणि माया असते, ती मजकुरात यायला हवी. नाव बदलून संकट टाळण्याची रीत जावातही होती. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लहानपणी फार आजारी पडत, म्हणून त्यांचे कुस्नो हे नाव बदलून महाभारतातल्या कर्णावरून सुकर्णो ठेवण्यात आले. जावातल्या असंख्य लोकांप्रमाणे त्यांचे नाव एकाच शब्दाचे होते, तेव्हा सूचीत त्यांना 'स'खाली ठेवले की झाले. स्वल्पविरामाचा प्रश्नच येत नाही.

जाता जाता लोहाराविषयी. इंग्रजीत स्मिथ, जर्मनमध्ये श्मिट, रशियनमध्ये कुझ्नेत्सोव, हंगेरियनमध्ये कोवाच, अरबीत हद्दाद: इतक्या भाषांत लोहाराचे आडनाव सापडते, यावरून जुन्या काळी लोहारांची संख्या अफाट असावी, असे अनुमान काढले जाते. कारण नेमके उलटे आहे. गावात लोहार बहुधा एकच असे, म्हणून 'लोहार' म्हटल्याने माणूस ओळखू येई. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे 'शेतकरी' म्हणून कोणाची ओळख पटणार?

चौथी खिडकी

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर सैद्धांतिक असे फार उरलेले नाही. मी थेट सूचीपुरते लिहिते.

गार्सिया मार्केस यांना 'ग'खालीच ठेवावे. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे, आणि अनुक्रम पहिल्यावर ठरतो. पोर्तुगीज पद्धतीत हाच क्रम सामान्यतः उलटा असतो, तिथे वडिलांचे आडनाव शेवटी येते. या दोन शेजाऱ्यांत सूचीकाराची हमखास फसगत होते. पिकासो यांचे वडील रुईस होते आणि आई पिकासो. त्यांनी स्वतः आईचे आडनाव रूढ केले, म्हणून त्यांची नोंद 'प'खाली. व्यक्तीने स्वतः जे नाव चालवले, ते नियमाच्या वर, एवढे धोरण ठरवून घ्यावे.

अरबी नावांची फोड एकदा समजली की भीती राहत नाही. अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी या नावात 'अबू रैहान' हे 'अमक्याचा बाप' या धर्तीचे आदराचे नाव, 'मुहम्मद' हे जन्मनाम, 'इब्न अहमद' हे पितृनाम आणि 'अल-बिरूनी' हे स्थळावरून आलेले विशेषण आहे. वाचक त्यांना बिरूनी म्हणूनच ओळखतो, म्हणून 'अल' हे उपपद अनुक्रमासाठी सोडून 'ब'खाली नोंद करावी. इब्न सिना यांना मात्र 'इ'खालीच शोधले जाते. तिथे 'इब्न' सोडू नये. आंग सान सू ची यांच्या नावात आडनाव नाहीच: 'आंग सान' वडिलांचे, 'सू' आजीचे आणि 'ची' आईचे नाव. ते अखंड ठेवून 'आ'खाली घालावे.

आइसलँडमध्ये तर दूरध्वनीची यादीही पहिल्या नावाच्या क्रमाने लावतात. १९८० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर यांच्या नावाचा दुसरा भाग 'फिनबोगीची मुलगी' एवढेच सांगतो. तो त्यांच्या भावाला लागू होत नाही आणि त्यांच्या वडिलांनाही लागू होत नव्हता. त्यांना 'व'खाली ठेवणेच योग्य. अपवाद आहे नोबेलविजेते हाल्दोर लॅक्सनेस यांचा. जन्मनावाने ते गुद्योनसन, पण ज्या शेतवाडीवर वाढले तिचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले आणि ते तसेच जगभर रूढ झाले.

सूचीकार (धागाकर्ता)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. 'अर्थ' हे सदर काढून 'नावाविषयी' असे शीर्षक ठेवावे, आणि जिथे सांगण्यासारखे असेल तिथेच ते भरावे, असा प्रस्ताव मी संपादकांपुढे ठेवला आहे. आता एक उपप्रश्न. अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांच्या नोंदींत 'एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरित-तपासणी केंद्राच्या) अधिकाऱ्याने आडनाव बदलले' हे वाक्य अनेक टिपणांत आले आहे. ते ठेवावे का? शिवाय आमचे एक संपादक आडनावावरून व्यक्तीचा वंश आणि कुळ ठामपणे सांगतात, आणि तसे ते नोंदींत यावे असा त्यांचा आग्रह आहे.

बखरनवीस

एलिस बेटाचे वाक्य निःसंकोच काढून टाकावे. ते केंद्र १८९२ ते १९५४ या काळात चालू होते, आणि तिथले निरीक्षक प्रवाशांची नावे कानाने ऐकून लिहून घेत नव्हते. जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरातच भरलेली प्रवाशांची यादी त्यांच्यापुढे असे आणि ते तिच्याशी ताळा पाहत. दुभाषेही हाताशी असत. आडनावे बदलली हे खरे, पण ती बहुतेक वेळा स्थलांतरितांनी स्वतः बदलली, पुढे कित्येक वर्षांनी, नोकरीसाठी, शेजारपाजारच्यांच्या सोयीसाठी किंवा नागरिकत्व घेताना. नातवंडांना मात्र आपल्या आजोबांनी नाव टाकले यापेक्षा ते कोणा कारकुनाने हिरावले, ही कथा अधिक जवळची वाटते.

अशीच दुसरी कथा नेदरलँड्सची. १८११ साली नेपोलियनची टर उडवण्यासाठी लोकांनी 'नाक्तखेबोरन', म्हणजे नागवा जन्मलेला, यासारखी आडनावे घेतली, असे सांगतात. हे आडनाव त्याआधीच्या कागदांतही सापडते, आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचे ते बिघडलेले रूप आहे, असे आडनावांचे अभ्यासक मानतात. नावाची व्युत्पत्ती जितकी गमतीदार, तितका तिच्यावर माझा विश्वास कमी बसतो.

वंशाच्या आग्रहाला व्हिएतनामचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांचे आडनाव न्गुयेन आहे, म्हणून ते सगळे एका रक्ताचे नाहीत. तेराव्या शतकात ली घराण्याची सत्ता गेल्यावर नव्या त्रान राज्यकर्त्यांनी ली आडनावाच्या लोकांना न्गुयेन हे नाव घ्यायला लावले. पुढे १८०२ ते १९४५ न्गुयेन घराणेच गादीवर होते, आणि राजाचे आडनाव घेण्यात सोय होती. आडनाव इतके सार्वत्रिक झाल्यामुळे तिथे माणसाला शेवटच्या, म्हणजे स्वतःच्या, नावानेच ओळखतात. व्हो न्गुयेन झ्याप हे जनरल व्हो होत नाहीत, जनरल झ्याप होतात. कोरियात हीच अडचण मूळस्थानाची जोड देऊन सोडवली आहे. गिम्हेचे किम आणि ग्योंगजूचे किम ही वेगळी कुळे मानली जातात, आणि एकाच मूळस्थानाच्या एकाच आडनावात विवाह करण्यावरची कायदेशीर बंदी तिथल्या संविधान न्यायालयाने १९९७ साली घटनेशी विसंगत ठरवली, तोवर ती लागू होती. तेव्हा कोरियन व्यक्तीचे कुळ सांगायचेच असेल, तर नुसत्या 'किम'वरून ते सांगता येणार नाही.

निरुक्त

बखरनवीस यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. आडनाव पूर्वजांविषयी काही न सांगता स्वतः व्यक्तीविषयीच बोलते, असेही क्वचित घडते. मंगोलियातल्या साम्यवादी राजवटीने कुळनावे बंद केली होती; राजवट गेल्यावर नागरिकांना ती पुन्हा घ्यायला सांगितले, तेव्हा पुष्कळांना आपले जुने कुळनाव ठाऊकच नव्हते. असंख्य लोकांनी चंगीझ खानाचे बोर्जिगिन हे कुळनाव उचलले. १९८१ साली अवकाशात गेलेले पहिले मंगोल, ज्युग्देर्देमिदीन गुर्रागचा, यांनी मात्र 'सान्सार' हे कुळनाव निवडले. मंगोल भाषेत त्याचा अर्थ अवकाश, आणि तो शब्द बौद्ध ग्रंथांच्या वाटेने तिकडे गेलेला आपला 'संसार'च आहे. त्यांच्या नावाचा पहिला भाग वडिलांचा आहे, म्हणून सूचीत त्यांना 'ज'खाली न घालता 'ग'खाली ठेवावे, आणि 'सान्सार' मात्र 'नावाविषयी'च्या ओळीत अवश्य द्यावे.